वाचकांचे प्रश्न : स्वातंत्र्यानंतरचे पहिले हुकूम, अध्यादेश आणि कायदे

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाभोवती फिरणारे बरेच प्रश्न आले. 1947 नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत देश कोणत्या कायद्यांवर चालला आणि त्यांचा आजच्या कागदपत्रांशी काय संबंध, असा त्यांचा सूर आहे. काही प्रश्न एकत्र करून, थोडे आटोपशीर करून इथे घेतले आहेत.

प्रश्न : 14 ऑगस्ट 1947 च्या मध्यरात्री ब्रिटिशांचे राज्य संपले. मग त्यांचे कायदे त्याच क्षणी रद्द का झाले नाहीत? (सातारा)

रद्द झाले असते तर 15 ऑगस्टच्या सकाळी चोरीचा गुन्हा नोंदवायला कलम नसते, खरेदीखत नोंदवायला कायदा नसता आणि न्यायाधीशाला खुर्चीवर बसायचा अधिकारही नसता. म्हणून भारतीय स्वातंत्र्य अधिनियमातच (18 जुलै 1947 ची राजसंमती) कलम 18(3) घातले होते. चालू कायदे, कोणी सक्षम विधिमंडळ ते बदलेपर्यंत, आवश्यक त्या फेरफारांसह चालू राहतील, असा त्याचा आशय.

पण चालू ठेवण्यापुरते हे सोपे होते. अडचण होती ती जागोजागी पेरलेल्या इंग्रजी सत्तेच्या खुणांची. 1935 च्या भारत सरकार अधिनियमात गव्हर्नर जनरलला अनेक बाबतींत मंत्र्यांना न विचारता ‘स्वतःच्या मर्जीने’ वागायची मुभा होती. स्वातंत्र्य अधिनियमाच्या कलम 9 ने गव्हर्नर जनरलला असे फेरफार आदेशाने करायचा अधिकार दिला, तोही फक्त 31 मार्च 1948 पर्यंत. त्याच अधिकारात 14 ऑगस्ट 1947 ला हंगामी राज्यघटनेचा आदेश निघाला आणि 1935 च्या अधिनियमातली ती मर्जीची भाषा उडाली. उरलेला 1935 चा सांगाडा 26 जानेवारी 1950 पर्यंत आपली राज्यघटना म्हणून वापरला गेला. अनेकांना हे ऐकून धक्का बसतो, पण त्या अडीच वर्षांत देश कायद्याने ‘डोमिनियन’ (ब्रिटिश राजाला प्रमुख मानणारा स्वशासित देश) होता आणि कायद्यांना संमती राजाच्या नावानेच मिळत होती.

प्रश्न : बेअर ॲक्टच्या (कायद्याचा नुसता मजकूर छापलेल्या पुस्तकाच्या) तळटिपांत ‘ए.ओ. 1937’, ‘ए.ओ. 1948’, ‘ए.ओ. 1950’ असे सारखे येते. हे काय आहे आणि वाचायचे कसे? (नाशिक)

हे अनुकूलन आदेश (ॲडॅप्टेशन ऑर्डर). म्हणजे कायदा तोच ठेवून, त्यातले शब्द घाऊक बदलणारे हुकूम. 1937 चा आदेश 1935 च्या अधिनियमाची प्रांतिक स्वायत्तता अमलात आली तेव्हाचा, 1948 चा स्वातंत्र्यानंतरचा, आणि 1950 चा राज्यघटनेच्या अनुच्छेद 372(2) खाली राष्ट्रपतींनी काढलेला.

भारतीय दंड संहिता घ्या. (ती आता 1 जुलै 2024 पासून गेली, पण तळटिपा वाचायला तिच्याइतकी चांगली पाठशाळा नाही.) कलम 121, सरकारविरुद्ध युद्ध पुकारणे. आपण वाचत आलो ते ‘भारत सरकारविरुद्ध’. तळटीप सांगते की तिथे 1950 च्या आदेशाने ‘राणी’ या शब्दाची जागा ‘भारत सरकार’ने घेतली. ‘राणी’ची व्याख्या देणारे कलम 13 त्याच आदेशाने गाळले. नाण्यांच्या प्रकरणातले ‘राणीचे नाणे’ त्याच दिवशी ‘भारतीय नाणे’ झाले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळपास अडीच वर्षे आपल्या फौजदारी कायद्यात युद्ध पुकारले जात होते ते शब्दाने तरी ‘राणी’विरुद्ध.

वाचायची रीत अशी. आधी तळटिपेतला आदेशाचा सन बघा, मग तुमच्या प्रकरणाची तारीख बघा. प्रकरण 1949 चे असेल तर 1950 च्या आदेशाने बदललेला शब्द त्याला लावू नका, जुना शब्द लावा. सन 1948 चा असला तरी परिणामाची तारीख 15 ऑगस्ट 1947 असू शकते, म्हणून आदेशातले अंमलाचे कलम उघडून पाहावे. बहुतेक चुका इथेच होतात.

आणखी एक. राष्ट्रपतींचा हा अधिकार मूळ घटनेत दोन वर्षांपुरता होता. काम संपेना, म्हणून 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तो तीन वर्षांचा केला.

प्रश्न : तेव्हाच्या अध्यादेशांची मुदत किती असे? आजच्या अध्यादेशांपेक्षा ते वेगळे होते का? (नागपूर)

वेगळे होते, आणि सरकारसाठी जास्त सोयीचे होते.

आजचा नियम अनुच्छेद 123 चा. संसदेची दोन्ही सभागृहे अधिवेशनात असतील तर अध्यादेश काढता येत नाही, आणि काढला तर संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो गळून पडतो. 1947 ते 1950 मधला नियम अनुकूलित 1935 च्या अधिनियमाच्या कलम 42 चा. आणीबाणीची निकड असली की शांतता आणि सुशासनासाठी गव्हर्नर जनरल अध्यादेश काढू शके आणि तो जास्तीत जास्त सहा महिने कायद्यासारखा चाले. अधिवेशन चालू आहे की नाही, ही अट त्यात नव्हती. सहा महिने मोजायचे ते जारी झाल्याच्या दिवसापासून, सभागृह भरल्यापासून नव्हे. जुना अध्यादेश हातात आला की ही मोजणी आधी करा.

कागद फिरायचा तो असा : खात्याकडून मसुदा, कायदा खात्याकडून तपासणी, गव्हर्नर जनरलची सही, मग भारताच्या असाधारण राजपत्रात प्रसिद्धी.

पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना पद्धत आली ती 19 जुलै 1948 च्या अध्यादेशाने. सहा महिन्यांचे घड्याळ लगेच सुरू झाले. ते संपायच्या आत, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, दुसरा अध्यादेश काढावा लागला आणि 1949 मध्ये रीतसर अधिनियम झाला (1949 चा 23 वा). 1952 मध्ये तो अधिनियमही रद्द झाला. त्याची खूण मात्र आजही राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 6 उघडा : पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वासाठी ‘19 जुलै 1948 पूर्वी’ आणि ‘त्या दिवशी किंवा त्यानंतर’ असे दोन गट आहेत. एका अध्यादेशाच्या अंमलाची तारीख घटनेच्या मजकुरात कायमची बसली आहे.

मुदतवाढीत गफलत झाली की काय होते, त्याचा धडा बिहारने दिला. 1947 च्या बिहार सार्वजनिक सुव्यवस्था अधिनियमाची मुदत एक वर्षाची होती. त्यात तरतूद अशी की विधिमंडळाने ठराव केला की प्रांतिक सरकार अधिसूचना काढून, हवे ते फेरफार करून, आणखी वर्षभर तो वाढवू शकेल. 1949 मध्ये फेडरल कोर्टाने (सर्वोच्च न्यायालयाच्या आधीचे केंद्रीय न्यायालय) ही तरतूद अवैध ठरवली. ठराव म्हणजे कायदा नव्हे, आणि कायद्याचे आयुष्य वाढवणे हे कायदा करण्याचेच काम, ते सरकारवर सोडता येत नाही. निकालाचा अर्थ सरळ होता. पहिल्या वर्षानंतर कायदाच उरला नव्हता, मग त्याखालची स्थानबद्धता कशी टिकणार? त्यानंतर सरकारने ताक फुंकून प्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी 1950 चा प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियमही एक वर्षाचाच होता, पण त्याची मुदत वाढवली ती दर वेळी संसदेत नवा अधिनियम मंजूर करून. असे वाढत वाढत तो 1969 च्या अखेरपर्यंत चालला. तात्पुरते कायदे तात्पुरते राहत नाहीत, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि आमच्या मते ती रास्त आहे.

अध्यादेशांवर पहिली ठाम हरकत सत्तेच्या आतूनच आली. गणेश वासुदेव मावळंकर, मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचे, 17 नोव्हेंबर 1947 ला कायदे करणाऱ्या घटना समितीचे अध्यक्ष झाले आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. 1950 मध्ये आणि पुन्हा 1954 मध्ये त्यांनी सरकारला पत्रे लिहून अध्यादेशांचा सपाटा लोकशाहीला धरून नाही, असे बजावले. सरकारने फारसे मनावर घेतले नाही.

प्रश्न : मुंबई खोती निर्मूलन अधिनियम कुठे 1949 चा लिहितात, कुठे 1950 चा. खरा कोणता? (चिपळूण)

दोन्ही. खोती म्हणजे कोकणातली गावच्या महसुलाची जमीनदारी; ती संपवणाऱ्या या कायद्याच्या नावात 1949 आहे आणि क्रमांक 1950 चा मुंबई अधिनियम 6. नावातला सन विधेयकाच्या वेळचा असतो, क्रमांकाचा सन संमती मिळून राजपत्रात आल्याचा. वर्षाच्या शेवटी मंजूर झालेल्या कायद्यांत हे हमखास होते. मालगुजारी (तिकडची जमीनदारी) संपवणारा मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन अधिनियमही नावाने 1950 चा आणि क्रमांकाने 1951 चा पहिला. प्रत मागताना नाव, क्रमांक आणि क्रमांकाचा सन, तिन्ही लिहा. नुसते ‘1949 चा कायदा’ म्हटले की अभिलेख कक्षातला माणूस भलतेच बाड काढतो.

तिसरी तारीख वेगळीच असते, अंमलाची. मुंबईचा कुळकायदा 1948 चा (क्रमांक 67). पण कुळ जमिनीचे मालक मानले गेले तो कृषक दिन 1 एप्रिल 1957, आणि तो 1956 च्या दुरुस्तीतून आला. सातबाराच्या वादात 1948 धरून बसलेले लोक आजही भेटतात. हक्क कुठल्या कलमाने आणि कुठल्या दिवशी मिळाला, ते आधी ठरवा.

खोतीच्या कायद्याची आणखी एक नोंद ठेवा. तो राज्यघटनेच्या नवव्या अनुसूचीत आहे. मार्च 1951 मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीन सुधारणा कायदा समानतेच्या मुद्द्यावर रद्द केला आणि सरकार हादरले. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि 13 कायदे न्यायालयीन हरकतीपासून वाचवण्यासाठी या अनुसूचीत घातले गेले. तेरापैकी सहा मुंबई प्रांताचे : कुळकायदा, आणि मालेकी, तालुकदारी, पंचमहाल मेहवासी, खोती या जुन्या जमीनधारणा व परगणा आणि कुलकर्णी वतने संपवणारे पाच. दोन हैदराबादचे.

ही दुरुस्ती ज्या संसदेने केली ती हंगामी आणि एकाच सभागृहाची होती. अनुच्छेद 368 मात्र दोन सभागृहांच्या हिशेबाने लिहिलेला. मग एका सभागृहाने घटना कशी बदलली? त्याचे उत्तर 26 जानेवारी 1950 च्या एका राष्ट्रपती आदेशात आहे. अनुच्छेद 392 ने राष्ट्रपतींना ‘अडचणी दूर करण्याचे’ आदेश काढायचा अधिकार दिला होता, आणि त्यातल्या आदेश क्रमांक 2 ने अनुच्छेद 368 हंगामी संसदेला लागू होईल असा बदलून घेतला. ऑक्टोबर 1951 मध्ये शंकरी प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश आणि दुरुस्ती, दोन्ही ग्राह्य धरले. त्या काळातल्या सर्वांत दूरगामी कागदांपैकी हा एक, आणि तो क्वचितच कुणी वाचतो.

प्रश्न : आमचे सांगली संस्थान 8 मार्च 1948 ला विलीन झाले. दुसऱ्या दिवसापासून मुंबईचे कायदे लागू झाले का? (सांगली)

नाही. विलीनीकरणाने कारभार मिळाला, पण प्रदेश कायद्याच्या दृष्टीने लगेच मुंबई प्रांताचा भाग झाला नाही. आधी प्रांताबाहेरील अधिकारक्षेत्र अधिनियमाखाली (1947 चा 47 वा) केंद्राने मुंबई सरकारकडे कारभार सोपवला आणि सूचना काढून एकेक कायदा लावत गेले. 1 ऑगस्ट 1949 पासून विलीन संस्थाने प्रांताचा भाग म्हणून चालवावीत असा आदेश झाला, आणि केंद्राचे कायदे एकगठ्ठा लागू करणारा विलीन संस्थाने (कायदे) अधिनियम 1 जानेवारी 1950 पासून आला. म्हणून 1948-49 मधल्या फलटण, भोर, औंध, सांगलीच्या व्यवहाराला कोणता कायदा लागतो हे पाहताना त्या कायद्याची स्वतंत्र लागू-सूचना शोधावीच लागते. कोल्हापूर 1 मार्च 1949 ला आले, त्याचा हिशेब वेगळा.

प्रश्न : आमच्या घरच्या जुन्या कागदांवर ‘1358 फसली, विनियम 69’ असे आहे. हा कुणाचा कायदा? (बीड)

हा हैदराबाद जहागीर निर्मूलन विनियम (फसली म्हणजे महसुलाच्या हिशेबाचा जुना सन), आणि तो लष्करी गव्हर्नरच्या काळातला आहे.

सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. सैन्य आत शिरले म्हणून कायदे करायचा अधिकार आपोआप मिळत नाही. तो निजामाने 19 सप्टेंबरच्या फर्मानाने दिला. या एका फर्मानावर पुढचे सव्वा वर्ष हैदराबादचे कायदे उभे होते, म्हणून त्यांना अधिनियम न म्हणता विनियम म्हणतात. विधिमंडळ नव्हतेच. 1949 च्या फेब्रुवारीत निजामाची खासगी मिळकत, सर्फ-ए-खास, दिवाणीत (म्हणजे सरकारी मुलखात) आली. 15 ऑगस्ट 1949 ला जहागिरी गेल्या. जहागीरदारांच्या मोबदल्याचा हिशेब दुसऱ्या विनियमात आहे, 1359 फसलीचा क्रमांक 25. आधी सांगितलेल्या नवव्या अनुसूचीतले हैदराबादचे दोन कायदे ते हेच.

आता फसली सनाचे. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आझुर महिन्यात बदलतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला फसली सनात 590 मिळवा, जानेवारीपासून पुढे 591. म्हणजे ऑगस्टमधला 1358 फसली हा 1949, पण नोव्हेंबरमधला 1358 फसली हा 1948. सरसकट 590 मिळवला की जहागीर निर्मूलन एक वर्ष आधी, म्हणजे पोलीस कारवाईच्याही आधी होऊन बसते! अशी चूक वारसा प्रकरणांच्या वंशावळीत हमखास सापडते.

फौजदारी आणि दिवाणी कायद्यांचे एकत्रीकरण त्यानंतर झाले. भारतीय दंड संहिता, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबादला 1 एप्रिल 1951 पासून लागू झाल्या. त्याआधीचा गुन्हा हैदराबादच्या स्वतःच्या दंड संहितेखालचा. शेतजमिनीबाबत मात्र एकत्रीकरण कधी झालेच नाही. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला तरी 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम चालू राहिला, विदर्भासाठी 1958 चा तिसरा कायदा झाला, आणि एकाच महाराष्ट्रात आजही कुळांचे तीन कायदे आहेत. अर्ज करताना कलम लिहायच्या आधी जिल्हा कुठल्या राजवटीतून आला ते बघा. पश्चिम महाराष्ट्राच्या कुळकायद्याचे कलम ‘32 ग’ बीडच्या अर्जात लिहून भागत नाही.

प्रश्न : पाकिस्तानलाही तोच स्वातंत्र्य अधिनियम मिळाला होता. तिथे कायद्यांचे काय झाले? (पुणे)

एका सहीवरून गोंधळ झाला. अधिनियमाच्या कलम 6(3) नुसार विधिमंडळाच्या कायद्यांना गव्हर्नर जनरल संमती देऊ शके. पाकिस्तानच्या घटना समितीने नियम केला की घटनात्मक कायद्यांना ती संमती लागत नाही, समितीच्या अध्यक्षाच्या सहीने ते प्रसिद्ध झाले की पुरे. सात वर्षे तसेच चालले. ऑक्टोबर 1954 मध्ये गव्हर्नर जनरल गुलाम मुहम्मद यांनी समितीच बरखास्त केली. समितीचे अध्यक्ष तमीझुद्दीन खान न्यायालयात गेले आणि सिंध चीफ कोर्टात जिंकले. 21 मार्च 1955 ला फेडरल कोर्टाने निकाल फिरवला. कारण असे की सिंध न्यायालयाला रिट (सरकारला बंधनकारक न्यायालयीन आदेश) काढायचा अधिकार देणारे कलमच संमतीविना केले होते, म्हणून ते कायदा नव्हे. या तर्काने संमती नसलेले डझनावारी कायदे एका दिवसात अधांतरी झाले आणि ते वाचवायला पुन्हा अध्यादेशांचीच धावपळ करावी लागली.

आपल्या राज्यघटनेवरही गव्हर्नर जनरलची संमती नाही. घटना समितीने ती 26 नोव्हेंबर 1949 ला स्वीकारली, अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी प्रमाणित केली, आणि अनुच्छेद 395 ने ज्या स्वातंत्र्य अधिनियमातून समितीला अधिकार मिळाला तोच रद्द करून टाकला. मुद्दाम. सत्तेचा उगम लंडनच्या कागदात नको होता. पाकिस्तान तेव्हा तो जुना कागद धरूनच बसला होता, म्हणून तिथे सहीचा प्रश्न जिवंत राहिला.

प्रश्न : गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तरी वारसाहक्काला पोर्तुगीज नागरी संहिता का लागते? (मडगाव)

कारण 1947 चीच युक्ती 1962 मध्ये पुन्हा वापरली. 20 डिसेंबर 1961 पासून गोवा, दमण, दीव भारतात सामील झाल्याचे बाराव्या घटनादुरुस्तीने मागील तारखेपासून नोंदवले. कारभारासाठी 5 मार्च 1962 ला अध्यादेश आला आणि त्याच महिन्यात तो अधिनियम झाला, 1962 चा पहिला. त्याच्या कलम 5 ने 20 डिसेंबर 1961 पूर्वीचे कायदे, बदलेपर्यंत, चालू ठेवले. दंड संहितेसारखे केंद्राचे बरेच कायदे 1962 आणि 1963 च्या विनियमांनी तिथे नेले. 1867 ची नागरी संहिता कुणी हलवली नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ती आता परकी राहिलेली नाही, 1962 च्या अधिनियमामुळे ती भारतीय कायदा आहे.

व्यवहारात दोन गोष्टी सांभाळा. पोर्तुगालने 1967 पासून नवी नागरी संहिता आणली, ती गोव्याला लागू नाही. लिस्बनचे आजचे पुस्तक उघडून इथल्या वाटणीचा सल्ला देणारे निघतात, त्यांना ही तारीख दाखवा. दुसरे, वारसा आणि वाटणीच्या प्रक्रियेचा भाग आता गोव्याच्या 2012 च्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात आहे, जो 2016 मध्ये अमलात आला. आई-वडिलांचे निधन त्याआधीचे की नंतरचे, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.